सेकंडहँड छोटं बिझनेस जेट घ्यायचंय? मग सिरियल नंबर सगळ्यात शेवटी बघा

विमान घ्यायचं मनात आलं की लोक पहिलं काय करतात, तर कंट्रोलर नाहीतर एव्हबायर या विमानविक्रीच्या साइट उघडून बसतात. फोटोत क्रीम कलरच्या लेदर सीट, चकाचक कॉकपिट, किंमत दोन-अडीच मिलियन डॉलर, मनातल्या मनात रुपयात हिशोब होतो आणि वाटतं, अरे एवढंच? एवढ्यात तर पुण्यात एखादा बरा प्लॉट पण येत नाही. मग फोन येतो की अमुक विमान बघितलंय, छान आहे, डिपॉझिट पाठवून टाकू का. माझं काम विमानांचे टेक्निकल रेकॉर्ड तपासायचं, म्हणजे लॉगबुकं, इंजिनचे तास, कुठला पार्ट कधी बसला आणि त्याचा कागद कुठाय, त्यामुळे माझ्याकडे प्रकरण येतं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर, आणि माझं उत्तरही ठरलेलं असतं: थांबा जरा.

क्रम असा ठेवा. आधी उडायचं कुठे, मग कुठल्या परमिटवर, मग उडवणार कोण आणि सांभाळणार कोण, त्यावरून मॉडेल, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष विमान, म्हणजे सिरियल नंबर. बरेच जण हे बरोब्बर उलटं करतात आणि मग अमेरिकेतल्या कुठल्यातरी हँगरमध्ये पैसे भरलेलं, पण इकडे आणता न येणारं विमान पदरात घेऊन बसतात. खाली सगळं धरलंय ते महाराष्ट्रात विमान ठेवणाऱ्या माणसासाठी किंवा कंपनीसाठी, आणि विमान येणार अमेरिकेतून, कारण छोट्या जेटचा सगळ्यात मोठा सेकंडहँड बाजार तिकडेच आहे.

पायरी १: खरंच हवंय का?

वर्षाला किती तास उडणार ते कागदावर लिहा. ‘भरपूर’ हा आकडा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या ट्रिपा काढा, मुंबई-दिल्ली किती, पुणे-बेंगळुरू किती, एकदम तिघं-चौघं किती वेळा गेलात. माझं स्वतःचं मत विचाराल तर वर्षाला दीडशे-दोनशे तासांच्या खाली असाल तर चार्टरच करा, निवांत झोप लागेल. कारण विमान उडो न उडो, पायलटचे पगार, त्यांचं दरवर्षीचं सिम्युलेटर ट्रेनिंग, इन्शुरन्स, पार्किंग नाहीतर हँगर, मेंटेनन्सची देखरेख ठेवणारी कॅमो संस्था, नॅव्हिगेशन डेटाचं सबस्क्रिप्शन, हे सगळं मीटर चालूच. तेल हा त्यातल्या त्यात प्रामाणिक खर्च, उडलात तरच लागतो. सेसनाच्या मस्टँगसारखं अगदी छोटं जेट तासाला पावणेचारशे-चारशे लिटर एटीएफ पितं, सेसनाचंच थोडं मोठं सीजे३ सहाशेच्या पुढे जातं. महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई-पुणे-रायगड पट्ट्यात एटीएफवरचा व्हॅट २५ वरून १८ टक्के केला, तेवढाच काय तो दिलासा.

पायरी २: धावपट्टी मोजा, नंतर विमान मोजा

ब्रोशरमध्ये लिहिलेलं टेकऑफ-लँडिंगचं अंतर समुद्रसपाटीचं, थंड हवेचं आणि कोरड्या धावपट्टीचं असतं. आपल्याकडे पुणे, नाशिक-ओझर, संभाजीनगर, कोल्हापूर, सगळी दोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि जून ते सप्टेंबर धावपट्टी ओली. म्हणजे ब्रोशर आपल्यासाठी लिहिलेलंच नाही.

कोल्हापूरचंच उदाहरण घेऊ. धावपट्टी वाढवून १९३० मीटर झालेली आहे. चार्टरच्या परमिटवर जेट उडवताना नियम असा, की पुस्तकातलं लँडिंगचं अंतर उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे आणि ओली असेल तर त्यावर अजून १५ टक्के. दोन्ही एकत्र केलं की १.९२ ने भागायचं. १९३० भागिले १.९२ म्हणजे साधारण १००५ मीटर. सीजे३ चं समुद्रसपाटीचं, पूर्ण लँडिंग वजनाचं अंतर ८४५ मीटरच्या आसपास आहे, त्यात कोल्हापूरची उंची आणि उन्हाळा घातला की बसतं, पण फार हातपाय पसरून नाही. मस्टँग ७२५ मीटरच्या आसपास, ते आरामात बसतं. आता हेच गणित तुमच्या फॅक्टरीजवळच्या छोट्या धावपट्टीसाठी करा, आणि तुम्ही स्वतः नका करू, त्या मॉडेलवर उडणाऱ्या पायलटला विमानाच्या मॅन्युअलवरून करायला सांगा. यातल्या बऱ्याच छोट्या जेटना थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवून विमान थांबवणारे) नसतात, सीजे घराण्यात नाहीत, मस्टँगला नाहीत, एम्ब्राएरच्या फेनम ३०० लाही नाहीत, म्हणजे पावसात सगळी मदार ब्रेक आणि टायरवर.

जुहू जवळ आहे म्हणून खूश होऊ नका, तिथली धावपट्टी साडेअकराशे मीटरच्या आतली, तिथे जेटचं काम नाही. मुंबईच्या मुख्य विमानतळावर गर्दीच्या तासांना खासगी विमानांना बंदी असते आणि पार्किंग मिळणं हे एक वेगळंच दुखणं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथे स्लॉट त्यांच्या सोयीने. तेव्हा रात्री विमान मुक्कामाला कुठे राहणार याचं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पुढे सरकू नका. कोणी म्हणेल बघू नंतर. नंतर काही होत नाही हो, विमान शेवटी दुसऱ्याच शहरात ठेवतात आणि प्रत्येक ट्रिपला रिकामं मुंबईला बोलावतात, ते रिकामे तासही तुमच्याच खिशातून.

अंतराचंही तसंच. मुंबई-दिल्ली किंवा पुणे-दिल्ली साडेअकराशे-बाराशे किलोमीटर, हे कुठलंही छोटं जेट करतं. मुंबई-दुबई १९०० च्या वर, नॉटिकल मैलात हजाराच्या थोडं पुढे. मस्टँगची कागदावरची रेंज ११५० नॉटिकल मैलांच्या आसपास, म्हणजे चार माणसं, बॅगा आणि समोरून वारा असला तर दुबई विसरा. आखात नियमित असेल तर सीजे३ किंवा फेनम ३०० पासून बघायला सुरुवात करा.

पायरी ३: खासगी की एनएसओपी

सगळ्यात जास्त पैसे इथे ठरतात, विमानाच्या किमतीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. तीन मिलियन डॉलरचं विमान असेल तर नुसता हा टॅक्स बारा लाख डॉलर, बेसिक कस्टम्स ड्युटी वेगळी. नॉन शेड्यूल्ड ऑपरेटर परमिटवर म्हणजे एनएसओपीवर चार्टरसाठी आणलं तर हाच टॅक्स ५ टक्क्यांवर येतो. हे वाचून प्रत्येकाच्या डोक्यात तोच विचार येतो, की मग परमिट काढू आणि आपणच वापरू. जरा दमानं. कस्टम्सला लेखी हमी द्यावी लागते की हे विमान नॉन शेड्यूल्ड सेवेसाठीच वापरलं जाईल, आणि कस्टम्सवाले अनेक वर्षांनंतरही फ्लाइट लॉग, पॅसेंजरची यादी, बिलं मागवतात. परमिट दाखवून घरच्यांनीच फिरायचं या प्रकारावरून या देशात बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात. तुमचा सीए कितीही हुशार असला तरी विमानाच्या कस्टम्सची केस हाताळलेला वकील वेगळा गाठा.

आणि परमिट म्हणजे नुसता कागद नाही. डीजीसीएला (देशाची विमान वाहतूक नियामक संस्था) जबाबदार पदाधिकारी दाखवावे लागतात, अकाउंटेबल मॅनेजर, ऑपरेशन्स, सेफ्टी, मेंटेनन्स, ट्रेनिंग, मॅन्युअल्स, सिक्युरिटी प्रोग्राम बीसीएएसकडून (विमान सुरक्षेची सरकारी संस्था) मंजूर. एका विमानासाठी एवढा डोलारा उभा करायचा नसेल तर सरळ आधीच परमिट असलेल्या ऑपरेटरकडे विमान द्या, तो त्याच्या परमिटवर घेईल, तुम्ही वापराल तेव्हा चार्टर म्हणून बिल होईल, रिकाम्या दिवसांत तो दुसऱ्यांना देईल. बहुतेक नवख्या मालकांसाठी मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो, फक्त करारात बाहेरच्यांना किती तास द्यायचे, इंजिनचे तास कोणाच्या हिशोबात, आणि विमान आजारी पडलं तर निर्णय कोणाचा, हे स्पष्ट लिहून घ्या.

पायरी ४: मॉडेल

यात मी थोडा पक्षपाती आहे, आधीच सांगतो. सेसनाचं सीजे घराणं नवख्यासाठी सगळ्यात सोपं. १९९० च्या दशकात आलेल्या सायटेशनजेटपासून सीजे४ पर्यंत एफएएचं (अमेरिकेचं विमान खातं) टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची पायलटची परवानगी, एकच आहे, त्यामुळे पायलट मिळायला आणि उद्या मोठं मॉडेल घेतलं तर बदलायला सोपं. इंजिनं विल्यम्सची एफजे४४, साधी आणि मजबूत. सीजे१+, सीजे२+, सीजे३ मध्ये कॉलिन्सचं प्रो लाइन २१ कॉकपिट येतं. मस्टँग २००६ ते २०१७ बनलं, गार्मिन जी१०००, प्रॅटची दोन छोटी इंजिनं, जेटमधलं स्वस्तातलं स्वस्त चालवायला, पण केबिन म्हणजे चार जणांचे गुडघे एकमेकांना भेटतात. एम्ब्राएरचं फेनम ३०० बरीच वर्षं सलग जगात सगळ्यात जास्त विकलं जाणारं छोटं जेट आहे आणि त्याची किंमतही तशीच टिकून आहे, स्वस्तात मिळालं तर आधी कारण शोधा.

आता स्वस्त दिसणारी. प्रीमियर वन, कार्बन फायबरची बॉडी, वेग झकास, केबिन मस्त, आणि किंमत बघून कुणालाही मोह होईल. पण बनवणारी हॉकर बीचक्राफ्ट २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हे विमान बनवणं कायमचं बंद पडलं, आज टेक्स्ट्रॉन सपोर्ट देतं पण जगातच संख्या कमी. लिअरजेट ४०-४५ चं नाव मोठं, बॉम्बार्डिअरने शेवटचं लिअरजेट २०२२ मध्ये दिलं आणि दुकान बंद केलं. ही विमानं वाईट आहेत असं नाही. पण आपल्याकडे एखादा पार्ट हवा असला की तो विमानाने येतो, कस्टम्समध्ये बसतो, आणि तोवर तुमचं जेट एओजी, म्हणजे जमिनीवर. भारतात त्या मॉडेलचं लायसन्स असलेले इंजिनियर किती, टाइप रेटेड कॅप्टन किती, सिम्युलेटर कुठाय, हे तीन प्रश्न विचारले की यादी आपोआप छोटी होते. एफएए सिंगल पायलट उडवायला परवानगी देतं म्हणून दलाल सांगेल एकच पायलट पुरेल, तर तो विचार इथे सोडा, पॅसेंजर चार्टरला दोन लागतातच, आणि खासगीतही मी तरी एकट्या पायलटच्या मागे बसणार नाही.

पायरी ५: इंजिन प्रोग्राम

छोट्या जेटची अर्धी किंमत इंजिनात असते. ओव्हरहॉलची मुदत मॉडेलप्रमाणे साधारण ३५०० ते ५००० तास, त्याच्या निम्म्यावर हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागाची तपासणी. म्हणून बरेच मालक तासाला ठराविक पैसे भरून देखभालीच्या प्रोग्रामवर राहतात, मग मोठ्या कामाचं बिल प्रोग्राम उचलतो: विल्यम्सचा टॅप, प्रॅटचा ईएसपी, किंवा जेएसएसआयसारखा तिसऱ्या पार्टीचा. लिस्टिंगमध्ये ‘टॅप एलिट’ लिहिलंय की काहीच नाही, यावरून किंमत लाखो डॉलरनी हलते.

समजा इंजिनं २५०० तास चाललेली आहेत, प्रोग्रामवर नाहीत, आणि दर तासाला एका इंजिनामागे २०० डॉलर आहे. आता तुम्हाला प्रोग्रामवर यायचं तर मागची थकबाकी भरा म्हणतात: २५०० गुणिले २ गुणिले २००, झाले दहा लाख डॉलर. म्हणजे शेजारच्या विमानापेक्षा सहा लाखांनी स्वस्त मिळालं म्हणून जे घेतलं ते प्रत्यक्षात चार लाखांनी महाग पडलं. विक्रेता प्रोग्रामवर आहे म्हणाला तरी इंजिन कंपनीकडून लेखी स्टेटमेंट मागवा, शेवटचा हप्ता कधी भरला, शिल्लक किती, तुमच्या नावावर ट्रान्सफर होईल का आणि भारतात ठेवलं तर चालेल का. वर्षाला किमान किती तासांचे पैसे भरावेच लागतात तेही विचारा, कमी उडणाऱ्यांना ते चावतं.

पायरी ६: भारतात येईल का?

डीजीसीएच्या नियमात आयात होणाऱ्या विमानाला वयाची आणि वापराची मर्यादा आहे. हे आकडे मधूनमधून सुधारतात, म्हणून मित्राने सांगितलेला आकडा धरू नका, लेटर ऑफ इंटेंट (घ्यायचा इरादा कळवणारं पत्र) पाठवायच्या आठवड्यात सध्याचा सीएआर, म्हणजे डीजीसीएचा नियमांचा कागद, डीजीसीएच्या साइटवरून काढून वाचा. वय बनवल्याच्या तारखेपासून धरा, एअरवर्दीनेस सर्टिफिकेटच्या किंवा पहिल्या डिलिव्हरीच्या नाही. शिवाय तुमची प्रोसेस काही महिने चालणार, मर्यादेच्या अगदी कडेला असलेलं विमान घेऊच नका.

मग एसटीसी. म्हणजे मूळ कंपनीने नाही तर दुसऱ्या कुणी मंजुरी घेऊन केलेला बदल, नवीन स्क्रीन, वायफाय, विंगलेट वगैरे. लिस्टिंगमध्ये ही यादी अभिमानाने छापतात, पण तुमच्यासाठी प्रत्येक ओळ म्हणजे भारतात दाखवायचा एक वेगळा कागद. सीजेवर बसणाऱ्या टॅमारॅकच्या विंगलेटचं बघा, २०१९ मध्ये आधी युरोपने आणि मग अमेरिकेने तशी विमानं काही काळ जमिनीवर बसवली होती, नंतर दुरुस्ती करून परत परवानगी मिळाली. अशा विमानात तो दुरुस्तीचा बदल झालाय आणि लॉगमध्ये सही आहे हे दिसलं पाहिजे. तसंच टीकॅस (दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणारी यंत्रणा), टेरेन वॉर्निंग (डोंगर-जमीन जवळ आल्याचा इशारा), एडीएस-बी (विमानाची जागा सतत कळवणारी यंत्रणा), व्हॉइस आणि डेटा रेकॉर्डर, गगनचा (भारताच्या सॅटेलाइट नॅव्हिगेशन यंत्रणेचा) सिग्नल घेणारं जीपीएस, आरव्हीएसएम (उंचावर कमी उभ्या अंतराने उडायची मंजुरी). भारतीय यादीत जे लागतं ते विमानात आहे का हे तुमच्या कॅमोकडून ओळीनुसार तपासून घ्या. अमेरिकेत खासगी उडणाऱ्या छोट्या विमानाला जे लागत नाही ते आपल्याकडे लागू शकतं, आणि नंतर बसवायचं म्हटलं की महिने जातात.

पायरी ७: ऑफर, तपासणी, भांडण

इथपर्यंत आलात की मग सिरियल नंबर. आधी लेटर ऑफ इंटेंट, सोबत लाखभर डॉलरच्या आसपास डिपॉझिट, ते विक्रेत्याला नाही, एस्क्रो कंपनीकडे, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाईताकडे. अमेरिकेतलं विमानांचं रजिस्टर ओक्लाहोमा सिटीत असल्यामुळे एस्क्रो आणि टायटल शोधणाऱ्या कंपन्याही बहुतेक तिथेच. विमानावर जुनं कर्ज किंवा मेकॅनिकची थकबाकी चढलेली आहे का हे त्या शोधून देतात, सोबत डब्लिनच्या इंटरनॅशनल रजिस्ट्रीचाही शोध घ्यायला सांगा. तांत्रिक पसंती देईपर्यंत डिपॉझिट परत मिळालं पाहिजे, ही ओळ नसेल तर सही करू नका.

मग प्री-बाय इन्स्पेक्शन, आणि यात काटकसर करणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. पहिली गोष्ट, ज्या वर्कशॉपने आजवर विमान सांभाळलं तिथे तपासणी नको, स्वतःच्याच कामात चूक कोण काढणार. दुसरी, विक्रेता म्हणेल आत्ताच मोठी तपासणी झालीय, परत कशाला, तर हसून मान डोलवा आणि तरीही करा. तिसरी, तुमचा माणूस तिथे हजर पाहिजे, कारण रिपोर्टमध्ये जे ‘मर्यादेत’ म्हणून एका ओळीत येतं ते डोळ्याने बघितलं की वेगळं दिसतं. बोअरस्कोपचा कॅमेरा इंजिनाच्या पोटात जातो, कंबशनच्या मागच्या नोझल व्हेनची कड स्क्रीनवर येते, सगळ्या व्हेन राखाडी आणि सलग दोनच निळसर तपकिरी, कडेला केसाएवढी चीर. टेक्निशियन म्हणतो, लिमिटच्या आत आहे. बरोबरच म्हणतो तो. पण लिमिटच्या आत म्हणजे आज, आणि अजून शंभर तासांनी परत बघायला सांगणारी नोंद तुमच्या गळ्यात. अशा वेळी त्या व्हेनसमोरचा फ्युएल नोझल नीट फवारतोय का ते काढून तपासायला सांगायचं, आणि खर्च विक्रेत्याकडे टाकायचा.

समुद्रकाठी राहिलेलं विमान असेल, फ्लोरिडा वगैरे, तर गंज. पुढच्या बॅगेज कंपार्टमेंटच्या खाली, बॅटरीच्या आसपास, गॅलीच्या आणि टॉयलेटच्या जमिनीखाली, दाराच्या चौकटीत. फ्लोअरबोर्ड उचलायला लावा. उचलत नाहीत, स्क्रू गंजलेत म्हणतात, ते स्वतःच एक उत्तर आहे.

आता माझा आवडता भाग, कागद. लॉगबुकं पहिल्या दिवसापासून, सलग, मूळ, इंग्रजीत. मधलं एक हरवलेलं असेल तर विमानाची किंमत तिथेच पडते, आणि भारतात तर पुढे जाणंच अवघड. ज्या पार्टचं आयुष्य ठरलेलं असतं, लँडिंग गियरचे भाग, इंजिनातल्या डिस्क, त्यांचा जन्मापासूनचा माग लागतो. रेकॉर्ड बघताना मी नेहमी एक साधी गोष्ट करतो, कुठलाही एक महागडा बदललेला पार्ट निवडतो, समजा डाव्या गियरचा अ‍ॅक्च्युएटर, आणि त्याच्या मागे लागतो: लॉगमध्ये नोंद आहे, नोंदीत सिरियल नंबर आहे, त्या नंबरचा ८१३०-३ टॅग (पार्ट अधिकृत असल्याचा एफएएचा कागद) फाईलमध्ये आहे, टॅगवरचा नंबर विमानात बसलेल्या पार्टवरच्या प्लेटशी जुळतो. चारपैकी एक कडी तुटली की मग सगळ्या मोठ्या पार्टचं तसंच बघायचं. अपघाताचा इतिहास तर लॉगमध्ये ‘अपघात’ म्हणून कुणी लिहीत नाही, फ्लॅप, पोटाखालचा पत्रा आणि अँटेना एकाच आठवड्यात बदललेले दिसले की समजायचं, चाकं न उघडता टेकलं होतं.

तपासणीत निघालेल्या सुरक्षेच्या गोष्टी विक्रेत्याने दुरुस्त करायच्या, दिसण्याच्या गोष्टी तुमच्या, असा साधारण रिवाज आहे. भांडण होतं ते मधल्या गोष्टींवर. करारात लिहून ठेवा की विमान सगळ्या सिस्टिम चालू स्थितीत आणि भारतासाठीचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस मिळण्याजोगं दिलं जाईल. ही दुसरी अट अमेरिकन विक्रेता टाळायला बघतो, ‘जसं आहे तसं’ म्हणतो. सोडू नका.

अजून एक, ऑक्टोबर ते डिसेंबर शक्यतो टाळा. अमेरिकेत व्यवसायासाठी विमान घेतलं की पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळण्याची सोय २०२५ च्या कायद्याने परत आली, त्यामुळे वर्षअखेरीला तिकडे झुंबड उडते, वर्कशॉपला जागा नाही, विक्रेता घाई करतो आणि भावावर बसून राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच माणूस फोन उचलतो.

पायरी ८: पैसे आणि क्लोजिंग

तुमच्या बँकेशी पहिल्याच महिन्यात बोला, कारण परदेशी आगाऊ पेमेंटला कागद लागतात आणि नंतर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) देऊन तो हिशोब बंद करावा लागतो. बाकी क्लोजिंग म्हणजे एक फोन कॉल. आपल्याकडे रात्रीचे नऊ-दहा वाजलेले, लाइनवर एस्क्रोवाली बाई, दोन्ही वकील, दोन्ही पार्ट्या, ती एकेकाला विचारते, तयार का, सगळे हो म्हणतात, पैसे सुटतात, बिल ऑफ सेल दाखल होतं, पाच-दहा मिनिटांत संपलं. इन्शुरन्स त्या मिनिटापासून चालू पाहिजे, उद्यापासून नाही.

एन-रजिस्टरवर, म्हणजे अमेरिकन नोंदणीवर, विमान स्वतःच्या नावावर ठेवायला साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, त्यामुळे तुमच्या नावावर झालं की ते तिथून काढून व्हीटीवर, म्हणजे भारतीय नोंदणीवर आणायचं, किंवा मधल्या काळासाठी ट्रस्ट करायचा. कुठला मार्ग तुमच्या तारखांना बसतो ते क्लोजिंगच्या आधी वकील आणि कॅमोने मिळून ठरवायचं, कारण नंबर एकाचा गेला आणि दुसऱ्याचा आला नाही तर विमान एक इंच हलत नाही. डीजीसीएची आयातीची एनओसी, रजिस्ट्रेशन, रेडिओसाठी डब्ल्यूपीसीचं (वायरलेस परवाने देणारं सरकारी खातं) लायसन्स, मोड एसचा (रडारला विमान ओळखू येण्याचा) कोड, ईएलटीची (अपघातात जागा कळवणारा ट्रान्समीटर) नोंद, हे अर्ज विमान बघायच्या काळातच सुरू करता येतात तेवढे करा.

पायरी ९: घरी आणणं

छोटं जेट अटलांटिक सहसा एका दमात ओलांडत नाही. कॅनडातल्या गूस बेहून आइसलँडचं केफ्लाविक साधारण १३०० नॉटिकल मैल, सीजे३ ला जमतं, मस्टँगला ग्रीनलँडला तेलासाठी उतरावंच लागतं. पुढे स्कॉटलंडचं प्रेस्टविक, दक्षिण युरोप, आखात आणि मग अहमदाबाद नाहीतर मुंबई, कस्टम्स असलेल्या विमानतळावरच. हिवाळ्यात ग्रीनलँडचं हवामान तीन-चार दिवस अडकवू शकतं, तेव्हा एमडी साहेबांच्या वाढदिवसाची तारीख धरून फेरी ठरवू नका. फेरी पायलट, म्हणजे विमान पोचवून देणारा, अनुभवी घ्या, थंड पाण्याचे इमर्शन सूट आणि राफ्ट विमानात आहेत ना विचारा, आणि तुमचा स्वतःचा कॅप्टन उजव्या सीटवर बसवा. त्याला एवढ्या तासांत विमानाचा स्वभाव कळतो.

आल्यावर डीजीसीएची तपासणी, सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस, एआरसी (ते सर्टिफिकेट चालू असल्याचा आढावा-कागद), कॅमोच्या मेंटेनन्स प्रोग्रामवर चढवणं, गरज पडली तर परत वजन. यात काही आठवडे जातात, तोवर उडता येत नाही, पायलटचा पगार चालू. या वेळात एक जादा टायर, ब्रेक पॅड, बॅटरी आणि दिवे मागवून ठेवा, पहिल्या एओजीला आठवण येईल.

आणि क्लोजिंगच्या यादीत सुटी सामग्री एकेक करून लिहून घ्या: इंजिनचे प्लग, वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे कव्हर, टो-बार, जॅक पॅड, कव्हरांच्या बॅगा, चाव्यांचे दोन्ही सेट, मॅन्युअल्सचे लॉगिन. विक्रेत्याच्या हँगरमध्ये राहिलेला टो-बार कुरिअरने भारतात मागवायचा खर्च ऐकलात तर हसू येईल, पण तो नसला की विमान ढकलत बाहेर काढायला विमानतळावर दुसऱ्याचा उसना आणावा लागतो, आणि तो तुमच्या नोजव्हीलला बसेलच असं नाही.